सहा वर्षांत दोन सामने

२०२५ च्या उन्हाळ्यात स्कॉट कार्सन नावाचा गोलकीपर मँचेस्टर सिटी सोडून गेला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मीम आलं. जाड जॅकेट घालून बाकावर बसलेला कार्सन आणि खाली आकडे: सहा वर्षं, दोन सामने. वर मथळा, 'ड्रीम जॉब'. त्या ग्रुपवर आम्ही कॉलेजपासूनचे नऊ जण आहोत. सगळे इंजिनिअर, सगळे शनिवार-रविवार रात्री जागून इंग्लिश फुटबॉल बघणारे. सगळे मनसोक्त हसले. एकानं लिहिलं, 'देवा, पुढच्या जन्मी हाच बायोडेटा दे.' मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसलो. त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो.

ऑन-कॉल म्हणजे काय, हे आयटीत नसलेल्यांसाठी सांगतो. आठवडाभर फोन उशाशी, लॅपटॉप पाठीवर. सिनेमाला जायचं नाही, गडावर जायचं नाही, लग्नाला गेलात तर मांडवात नेटवर्क आहे का ते आधी बघायचं. सिस्टम पडली की पंधरा मिनिटांच्या आत तुम्ही जागे, शुद्धीत आणि कीबोर्डसमोर हवेत. त्या आठवड्यात काहीही पडलं नाही. फोन एकदाही वाजला नाही. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याच्या हिशेबात मीही आठवडाभर नुसता बसून होतो. रात्री दोनला हे डोक्यात आलं आणि मीमवर टाकलेला तो हसरा चेहरा मला टोचायला लागला.

हा लेख त्या मीमच्या विरोधात आहे, आणि ते पाठवणाऱ्या, त्यावर हसणाऱ्या आम्हा नऊ जणांच्याही. माझं म्हणणं साधं आहे. राखीव गोलकीपर बसण्याचे पैसे घेत नाही, तयार राहण्याचे घेतो. तयार राहणं हे काम आहे, आणि चांगलंच अवघड काम आहे. ज्यांना ते दिसत नाही त्यांनी एक लक्षात ठेवावं: ज्या मापानं आज ते कार्सनला मोजतायत, तेच माप उद्या त्यांच्या अप्रेझलच्या कागदावर छापून येणार आहे.

ही जागा आली कुठून

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण इंग्लिश फुटबॉलला फार उशिरा आलं. ५ मे १९५६ ला वेम्बलीवर एफए कपची फायनल होती, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. सामना संपायला सतरा मिनिटं असताना सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमान समोरून येणाऱ्या फॉरवर्डच्या पायांत झेपावला आणि त्याची मान मोडली. तो तसाच खेळत राहिला. सिटी ३-१ नं जिंकली, आणि मानेचा मणका मोडलाय हे पुढे काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. ही गोष्ट आजही शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. ट्राउटमानच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण ही कथा रंगवून सांगणाऱ्यांना मला विचारायचंय: मान मोडलेला माणूस गोलात का उभा होता? कारण त्याच्या जागी उभं राहायला नियमानं कुणीच नव्हतं. तेव्हा बदली खेळाडूच नसत. ज्याला आपण शौर्य म्हणतो, त्यातलं अर्धं व्यवस्थेचं अपयश आहे.

पुढच्याच वर्षी, १९५७ च्या फायनलमध्ये, मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वूड याला सहाव्या मिनिटाला ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपार्लंडनं धडक दिली. वूडच्या गालाचं हाड मोडलं. बचावपटू जॅकी ब्लँचफ्लॉवर गोलात उभा राहिला. व्हिला २-१ नं जिंकली आणि दोन्ही गोल मॅकपार्लंडचेच होते. इंग्लंडमधली सर्वांत जुनी स्पर्धा, वेम्बलीवरचा लाखाचा जमाव, आणि गोलात असा माणूस ज्याचं ते कामच नव्हतं.

बदली खेळाडू आला तो १९६५ च्या मोसमात. एकच, आणि तोही फक्त दुखापतीसाठी. २१ ऑगस्ट १९६५ ला चार्लटनचा कीथ पीकॉक हा फुटबॉल लीगच्या इतिहासातला पहिला बदली खेळाडू ठरला. तो कुणाच्या जागी आला? अकराव्या मिनिटाला जखमी झालेल्या गोलकीपरच्या जागी. पण पीकॉक स्वतः गोलकीपर नव्हता, त्यामुळे गोलात भलत्यालाच जावं लागलं. म्हणजे बदलीची सोय पहिल्यांदा वापरली गेली ती गोलकीपरमुळे, आणि ती अपुरी आहे हेही त्याच क्षणी दिसलं. तरी बाकावर गोलकीपर बसवणं अंगवळणी पडायला आणखी तीस वर्षं गेली. १९९१ साली सिटीच्या गोलकीपरला लाल कार्ड मिळालं तेव्हा उंच सेंटर-फॉरवर्ड नायल क्विन ग्लोव्ह्ज चढवून उभा राहिला आणि त्यानं डर्बीची पेनल्टी अडवली. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा बाकावर तीन जणांची सोय झाली आणि त्यात गोलकीपरला जागा मिळाली. पण १९९५ साली विम्बल्डनकडे न्यूकॅसलमध्ये ती वेळ आली तेव्हा बाकावर गोलकीपर नव्हता. व्हिनी जोन्स गोलात गेला. निकाल ६-१.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्या जागेवर कार्सन बसला होता ती कुणी ऐषआरामासाठी केलेली नाही. लोकांची हाडं मोडल्यावर ती करावी लागली.

रेडिंग, १४ ऑक्टोबर २००६

ज्यांना राखीव गोलकीपर ही चैन वाटते त्यांनी हा एक सामना आठवावा. चेल्सी रेडिंगच्या मैदानावर गेली होती. पहिल्याच मिनिटात पीटर चेकच्या डोक्याला समोरच्या खेळाडूचा गुडघा लागला आणि त्याची कवटी फुटली. चेक पुढे कारकीर्द संपेपर्यंत डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला, ती याच दिवसामुळे. त्याच्या जागी कार्लो कुदिचिनी आला. जवळजवळ पूर्ण सामना त्यानं सांभाळला आणि शेवटच्या मिनिटांत तोही धडक बसून बेशुद्ध पडला. दोघांनाही स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. कप्तान जॉन टेरीनं गोलकीपरचा शर्ट चढवला आणि उरलेली मिनिटं काढली. चेल्सी १-० नं जिंकली.

यातला खरा भाग चार दिवसांनंतरचा आहे. १८ ऑक्टोबरला चॅम्पियन्स लीगमध्ये समोर बार्सिलोना होती, तेव्हाचे युरोपचे विजेते, रोनाल्डिन्यो आणि मेस्सीसकट. चेल्सीच्या गोलात उभा राहिला इलारिओ. त्याच उन्हाळ्यात आणलेला तिसऱ्या क्रमांकाचा पोर्तुगीज गोलकीपर, ज्यानं चेल्सीसाठी तोवर एक मिनिटही खेळलेलं नव्हतं. चेल्सी १-० नं जिंकली. इलारिओनं एकही गोल खाल्ला नाही.

१३ ऑक्टोबरला कुणी इलारिओवर मीम केलं असतं तर आम्ही नऊही जण हसलो असतो. १८ तारखेला हसायची सोय राहिली नव्हती. मधल्या पाच दिवसांत इलारिओ बदलला नव्हता. तो आधीपासून तयार होता. आपल्याला फक्त ते उशिरा कळलं.

थंड इंजिन

'बसून तर असतो' या वाक्यात एक अडाणीपणा दडलाय. तो शब्दशः बसलेला असतो ते आठवड्यातले दोन तास, आणि तेवढेच आपण बघतो. बाकीचे दिवस तो पहिल्या गोलकीपरइतकाच चिखलात लोळतो. फॉरवर्ड मंडळी शूटिंगचा सराव करतात तेव्हा गोलात कुणीतरी लागतंच, आणि एकामागून एक बॉल अंगावर घ्यायला बहुतेक वेळा राखीवच उभे असतात. सामन्याआधीच्या वॉर्म-अपमध्ये पहिल्या गोलकीपरला बॉल मारणारेही हेच. मग पहिला गोलकीपर खेळायला जातो आणि हे जॅकेट घालतात.

बाकीच्या खेळाडूंना एक सवलत असते जी गोलकीपरला नाही. राखीव विंगरला दर आठवड्याला शेवटची वीस मिनिटं मिळू शकतात. बचावपटू दमला तर बदलता येतो. गोलकीपर सहसा दमत नाही आणि त्याला बदलण्याचं कारण निघतं ते थेट अपघाताचंच. म्हणून राखीव गोलकीपरला हळूहळू सुरुवात करायला कधीच मिळत नाही. तो आत जातो तेव्हा कुणाचं तरी रक्त गवतावर सांडलेलं असतं किंवा कुणाला तरी लाल कार्ड दाखवलेलं असतं. बऱ्याचदा त्याला पहिला स्पर्श होतो तो पेनल्टीचा. आमच्या धंद्यात याला कोल्ड स्टार्ट म्हणतात: बराच वेळ न वापरलेली प्रोसेस पहिल्या विनंतीला धापा टाकते, म्हणून आम्ही ती मुद्दाम गरम ठेवतो. महत्त्वाच्या डेटाबेसच्या शेजारी तसाच दुसरा डेटाबेस चोवीस तास चालू ठेवतो, मुख्य डेटाबेसवरचा प्रत्येक बदल त्याच्यावर उतरत राहतो. वीज तेवढीच खातो, पैसे तेवढेच लागतात. त्या सर्व्हरला आळशी म्हणणारा इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आमची अक्कल कुठे जाते कोण जाणे.

लिव्हरपूलचं २०१९ घ्या. ५ ऑगस्टला त्यांनी आद्रियान नावाच्या गोलकीपरला घेतलं. त्याचा वेस्ट हॅमशी करार संपला होता, म्हणजे तेव्हा त्याच्या हाताला काम नव्हतं. चार दिवसांनी मोसमाच्या पहिल्याच सामन्यात आलिसन जखमी झाला आणि आद्रियान आत गेला. आणखी पाच दिवसांनी, १४ ऑगस्टला, इस्तंबूलमध्ये त्यानं टॅमी एब्रहमची पेनल्टी अडवून सुपर कप जिंकून दिला. त्या जल्लोषात मैदानात घुसलेला एक प्रेक्षक घसरून त्याच्या पायावर आदळला. घोटा सुजलेला असताना तो तीन दिवसांनी साउदॅम्प्टनविरुद्ध खेळला, लिव्हरपूल जिंकली, पण त्याच्या चुकीच्या पासमुळे एक गोल गेला. पुढच्या मार्चमध्ये ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध जादा वेळेत त्याचा आणखी एक पास चुकला आणि लिव्हरपूल चॅम्पियन्स लीगमधून बाहेर गेली. आज आद्रियानचं नाव काढलं की दहातले नऊ जण ॲटलेटिको म्हणतात.

आणि आलिसन जखमी झाल्यावर आद्रियानच्या मागे कोण, हा प्रश्न उरलाच. म्हणून क्लबनं पस्तिशीच्या अँडी लोनर्गनला करारबद्ध केलं. तो एकही सामना खेळला नाही, आणि याच माणसावर पुढे 'फुकट पदकं मिळवणारा' म्हणून विनोद झाले.

एक चूक, एक जन्म

आता कार्सनकडे परत येतो, कारण मीममध्ये त्याची अर्धी गोष्टही नव्हती.

एप्रिल २००५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो ॲनफिल्डवर युव्हेंटसविरुद्ध चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल खेळला. लिव्हरपूल २-१ नं जिंकली. महिन्याभरानं इस्तंबूलच्या त्या गाजलेल्या फायनलला तो बाकावर होता. अडीच वर्षांनी, २१ नोव्हेंबर २००७ ला, इंग्लंडचा क्रोएशियाशी वेम्बलीवर सामना होता. बरोबरी झाली असती तरी इंग्लंड युरो २००८ ला गेलं असतं. प्रशिक्षक स्टीव्ह मॅकलॅरेननं अनुभवी पॉल रॉबिन्सनला बसवलं आणि बावीस वर्षांच्या कार्सनला उभं केलं. देशासाठी हा त्याचा पहिलाच महत्त्वाचा सामना, त्याआधी फक्त एक मैत्रीपूर्ण लढत. पाऊस, निसरडं मैदान. आठव्या मिनिटाला क्रान्यचारनं लांबून मारलेला बॉल कार्सनच्या समोर टप्पा पडून हातांतून निसटला आणि आत गेला. इंग्लंड २-३ नं हरलं. मॅकलॅरेनची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. कार्सन पुढे देशासाठी आणखी दोनच सामने खेळला. एकूण चार.

त्या रात्री इंग्लंडचे उरलेले दोन गोल कुणामुळे खाल्ले गेले, हे कुणाला आठवत नाही. मलाही शोधावं लागलं.

त्यानंतर तो वेस्ट ब्रॉम, तुर्कस्तानात बुर्सास्पोर, विगन, डर्बी असा शेकडो सामने खेळला. हे मीमवाल्यांना ठाऊकही नसतं. आयुष्यभर बाकावर बसलेला माणूस तो नव्हताच. २०१९ ला सिटीत आला तेव्हा तो चौतिशीला टेकला होता. १४ मे २०२१ ला न्यूकॅसलविरुद्ध त्याला गोलात उभं केलं. प्रीमियर लीगमध्ये दहा वर्षांनी. त्यानं जो विलॉकची पेनल्टी अडवली, परतलेल्या बॉलवर विलॉकनंच गोल केला, सिटी ४-३ नं जिंकली. पुढच्या मार्चमध्ये स्पोर्टिंगविरुद्ध शेवटची काही मिनिटं मिळाली. झाले दोन सामने. २०२३ साली सिटीनं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. गाव पुन्हा इस्तंबूल, स्टेडियमही तेच. अठरा वर्षांचं अंतर. 'नशीबवान' म्हणून त्याची खिल्ली उडवणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं: बावीसाव्या वर्षी अख्ख्या देशानं दोषी ठरवल्यावर आणखी अठरा वर्षं रोज सकाळी ग्लोव्ह्ज चढवायला नशीब लागतं, की आणखी काही?

रॉबर्ट ग्रीनचंही तेच. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध त्याच्या हातांखालून बॉल निसटला आणि त्याचं नाव त्या एका क्षणाला कायमचं चिकटलं. कारकीर्दीच्या शेवटी, २०१८-१९ मध्ये, तो चेल्सीत तिसरा गोलकीपर होता. एकही सामना नाही. चेल्सीनं युरोपा लीग जिंकल्यावर त्यानं पूर्ण किट घालून कप उचलला, तर त्यावरही जगभर हशा. त्यानं काय लपून बसायला हवं होतं?

'मग खालच्या लीगमध्ये खेळ ना!'

याला उत्तर म्हणून नेहमी येणारं वाक्य: महत्त्वाकांक्षा असती तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाऊन खेळला असता. ऐकायला बाणेदार आहे. पण साधं गणित करा. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, प्रत्येकाकडे साधारण तीन गोलकीपर. साठ माणसं, वीस जागा. उरलेल्या चाळीस जणांनी खाली जावं म्हटलं तर खालीही प्रत्येक क्लबात जागा एकच आहे आणि तिथंही रांग आहे. या खेळात गोलकीपरच्या जागा मागणीप्रमाणे वाढत नाहीत. खाली गेल्यावर काय मिळतं, तेही बघा: एक-दोन वर्षांचे करार, लहान पगार. गोलकीपर अचानक संपले तर खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांना सात दिवसांसाठी तातडीचा गोलकीपर उसना घेता येतो. सात दिवस! परक्या गावात जायचं, समोरच्या चार बचावपटूंची नावं पाठ करायची आणि शनिवारी त्यांच्यावर ओरडायचं.

काही जण जातात, आणि ते बरोबरच करतात. क्विव्हीन केलेहर लिव्हरपूलमध्ये वर्षानुवर्षं आलिसनच्या मागे होता. २०२२ ची लीग कप फायनल त्यानं शूटआउटमध्ये स्वतः पेनल्टी मारून जिंकून दिली, ११-१० अशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं रेआल माद्रिदच्या एमबाप्पेची पेनल्टी अडवली. आलिसन बरा झाला की हा पुन्हा बाकावर. २०२५ मध्ये तो ब्रेंटफर्डला गेला. त्यानं चूक काहीच केली नव्हती, तरी बसावं लागत होतं. आर्सेनलच्या मॅनिंगरचं १९९८ मध्ये हेच झालं. ओल्ड ट्रॅफर्डवर एकही गोल न खाता तो सामना जिंकून देतो, मोसम आर्सेनलच्या बाजूला झुकतो आणि सीमन परतल्यावर मॅनिंगर बाहेर. इतर कुठल्या नोकरीत चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून तुम्हाला पुन्हा कोपऱ्यात बसवतात?

केलेहरनं जाणं आणि कार्सननं राहणं, दोन्ही समजण्यासारखं आहे. एकात बाणेदारपणा आणि दुसऱ्यात आळस, हे आपण सोफ्यावर बसून ठरवलेलं आहे.

आरती ओवाळणाऱ्यांनो, तुम्हीही थांबा

आता दुसरी बाजू. मीमवाल्यांच्या उलट एक भाविक मंडळी आहेत. त्यांच्या मते राखीव गोलकीपर म्हणजे निःस्वार्थ त्यागमूर्ती, ड्रेसिंग रूमचा आत्मा वगैरे. हे कौतुक मला मीमइतकंच खोटं वाटतं, कारण ते क्लबांना सोयीचं आहे.

२०१० पासून प्रीमियर लीगमध्ये नियम आहे: पंचवीस जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्समध्ये न घडलेले खेळाडू जास्तीत जास्त सतरा. उरलेल्या जागा भरायला इथंच घडलेला अनुभवी, तक्रार न करणारा तिसरा गोलकीपर फार सोयीचा पडतो. रिचर्ड राइट हा इंग्लंडकडून खेळलेला गोलकीपर २०१२ ते २०१६ सिटीत होता. चार वर्षांत शून्य सामने. त्याला तिथं का ठेवलं, यात त्यागापेक्षा हिशेब जास्त होता. तो हिशेब राइटनं डोळे उघडे ठेवून मान्य केला असेल, आणि तो त्याचा हक्क आहे. पण त्याला आत्मा वगैरे म्हणू नका. करार म्हणा, काम म्हणा.

आदर खरा असतो की बोलायचा, हे पेचप्रसंगात कळतं. २४ फेब्रुवारी २०१९, लीग कप फायनल, चेल्सी विरुद्ध सिटी, जादा वेळ संपत आलेली. पेनल्टी अडवण्यात तरबेज असलेला राखीव गोलकीपर विली काबायेरो मैदानाच्या कडेला तयार उभा. यानंच तीन वर्षांपूर्वी सिटीसाठी याच कपच्या फायनलच्या शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या होत्या. प्रशिक्षक सारी बदली मागतोय. आणि पहिला गोलकीपर केपा बाहेर यायलाच नकार देतो! काबायेरो जगासमोर ताटकळत उभा राहिला आणि मग परत जाऊन बसला. चेल्सी शूटआउटमध्ये हरली. दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा केपाचा उद्दामपणा आणि सारीचा संताप यांची. काबायेरोच्या बाजूनं कुणी चार ओळी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि राखीव गोलकीपर जगभरच्या बातम्यांत कधी झळकला? फेब्रुवारी २०१७ मध्ये, सटन युनायटेडचा पंचेचाळीस वर्षांचा वेन शॉ आर्सेनलविरुद्ध बाकावर बसून पाय खाताना दिसला तेव्हा. एका सट्टा कंपनीनं त्यावर आधीच आठास एक भाव लावला होता. शॉला क्लब सोडावा लागला, पुढे ३७५ पौंड दंड आणि दोन महिने बंदी झाली. त्याचं चुकलंच. पण त्याच्या खाण्यावर भाव लावायची कल्पना कुणाला सुचली आणि का सुचली? राखीव गोलकीपर ही हसायचीच गोष्ट आहे, हे आधीपासून ठरलेलं होतं म्हणून.

मला मूर्तीही नको आणि मीमही नको. मला हवाय तो जमाखर्च. आर्सेनलनं २००१-०२ मध्ये तो एकदा नीट मांडला होता. तेव्हा लीगचं पदक मिळायला दहा सामने लागत. सीमन आणि राइट (हाच तो रिचर्ड राइट) जखमी असताना तिसऱ्या क्रमांकाच्या स्टुअर्ट टेलरनं गोल सांभाळला होता, पण त्याला एक सामना कमी पडत होता. शेवटच्या दिवशी वेंगरनं त्याला उतरवलं. तिघांनाही पदक मिळालं. यात उपकार नव्हते, भावनाही नव्हती. ज्यानं काम केलं त्याच्या खात्यात ते मांडलं, इतकंच.

हजेरी

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर आत, नाहीतर परत चाळीत. आत गेले तरच त्या दिवसाची मजुरी. गेटवर उभं राहण्याचे, म्हणजे तयार असण्याचे पैसे शून्य. खरं तर त्या उभ्या राहिलेल्या माणसांच्या जिवावरच गिरणीचे साचे कधी थांबत नव्हते. आजी सांगायची, 'काम नसलं की ते जास्त दमून यायचे.' लहानपणी मला ते कोडं वाटायचं.

इंग्लंडच्या राखीव गोलकीपरला तयार राहण्याचे पैसे मिळतात, भरपूर मिळतात. ते आजोबांच्या पंगतीत बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी मी रडतही नाही. पण 'खेळला नाही तर पैसे कसले?' असं आपण हसत हसत म्हणतो, तेव्हा आपण गिरणीमालकाचीच भाषा बोलत असतो.

आणि ती भाषा आपल्याकडे परत येते. गेल्या अप्रेझलला माझ्या मॅनेजरनं विचारलं, "तुझ्या सिस्टममध्ये वर्षभर एकही आउटेज नाही. चांगलंय. पण मग इम्पॅक्ट म्हणून दाखवायचं काय?" शेजारच्या टीमची सिस्टम दिवाळीच्या सेलमध्ये झोपली होती. तीस तास जागून त्यांनी ती उठवली. सगळ्यांसमोर टाळ्या, वर्षाचा पुरस्कार. त्यांचे तीस तास खरे होते, मी तेही नाकारत नाही. पण ट्राउटमानची मोडकी मान मिरवणारी आणि बाकावरच्या माणसाला हसणारी वृत्ती मी त्या मीटिंग रूममध्ये समोरासमोर बघत होतो. मॅनेजरला द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मीही त्याच मापावर वाढलोय. हसरा चेहरा टाकणारा मीच होतो.

त्या ग्रुपवर मी नंतर इलारिओबद्दल लिहिलं. एकानं अंगठा दाखवला, दुसऱ्यानं विचारलं, 'हा कोण?' पुढच्या शनिवारी सामना लवकर लावा. किक-ऑफच्या अर्धा तास आधी गोलसमोर एकाच रंगाचे कपडे घातलेली तीन माणसं दिसतील. दोघं तिसऱ्याला बॉल मारत असतात. त्या दोघांची नावं शोधून ठेवा.